मोगूनमध्ये नव्याने जाताना: हाँगकाँगच्या कुंग-फू शाळेतल्या रीतीभाती

हाँगकाँगच्या शाम शुई पो किंवा याऊ मा तेय यांसारख्या जुन्या वस्त्यांत कुंग-फूची शाळा म्हणजे बहुधा एखाद्या जुनाट इमारतीच्या वरच्या मजल्यावरचा हॉल. एका भिंतीला शस्त्रांची मांडणी, समोर लाल दिव्यांचा देव्हारा, कोपऱ्यात ढोल आणि छताला टांगलेलं सिंहनृत्याचं डोकं. कँटोनीज भाषेत हिला मोगून म्हणतात. हुंग गार, चॉय ली फुट, विंग चुन या दक्षिण चिनी पद्धती अशा मोगूनमधूनच चालत आल्या.

नोकरी-शिक्षणासाठी तिकडे गेलेले मराठी लोक आता अशा वर्गांना जातात. सिंगापूर, मलेशिया, ऑस्ट्रेलिया किंवा कॅनडातल्या कँटोनीज शाळांतही रीती साधारण याच आहेत. नवख्याचा ठोसा वाकडा गेला तर कोणी रागावत नाही. अडचण येते वागण्यात, आणि तीही बहुतेकदा आपल्या चांगल्या सवयींमुळे: दाराबाहेर चपला काढणं, वाकून पाया पडणं, पाकिटात शंभरावर एक रुपया ठेवणं. यातली शेवटची सवय सर्वांत महागात पडते. तिच्याबद्दल पुढे.

शाळा निवडताना

आधी फोन करून फक्त बघायला येण्याची परवानगी मागा. एकदा जाऊन निर्णय घेऊ नका. एकदा आठवड्याच्या मधल्या वारी आणि एकदा शनिवारी-रविवारी जा. मधल्या वारी नेहमीचा सराव दिसतो, सुट्टीच्या दिवशी शाळेचं सगळं कुटुंब.

भिंतीवरचे फोटो नीट पाहा. सर्वांत वर मूळ गुरू, त्याखाली त्यांचे शिष्य आणि खाली आताचे गुरू, अशी वंशावळ बहुतेक ठिकाणी लावलेली असते. हुंग गारच्या शाळेत वाँग फेइ-हुंग (1847–1925) आणि त्यांचे शिष्य लाम साय-विंग दिसतील. चॉय ली फुटच्या शाळेत ही पद्धत 1836 मध्ये स्थापन करणारे चान हेउंग. विंग चुनच्या शाळेत बहुधा इप मान (1893–1972), ज्यांनी 1950 मध्ये शाम शुई पो भागातल्या रेस्टॉरंट कामगारांच्या संघटनेत शिकवायला सुरुवात केली. आपले गुरू त्या रांगेत नेमके कुठे बसतात हे विचारायला संकोच नको. खरी परंपरा असलेल्या शाळेत हा प्रश्न आवडतो आणि उत्तर भिंतीकडे बोट दाखवून मिळतं. उत्तर टाळलं गेलं, तर तेही लक्षात ठेवा.

आणखी तीन गोष्टी विचारा. नवख्यांना प्रत्यक्ष कोण शिकवतं? महिन्याची फी किती, आणि तिच्यात काय येत नाही? सिंहनृत्य, म्हणजे सिंहाचं डोकं आणि कापड घेऊन दोघांनी मिळून करायचा नाच, आहे का? हुंग गार आणि चॉय ली फुटच्या शाळांत ते बहुधा असतं, विंग चुनच्या शाळांत सहसा नसतं. सिंह असलेल्या शाळेत चिनी नववर्षाच्या दिवसांत तुमचा मोकळा वेळ शाळेचा होतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पहिल्याच महिन्यात शिष्यत्वाचा विधी आणि त्यासाठी मोठी रक्कम यांची भाषा झाली, तर तिथून निघा.

दारातून आत

वर्गाच्या दहा मिनिटं आधी पोहोचा. दाराजवळ जमिनीलगत एक छोटा लाल देव्हारा असेल. तो देइ-जू, म्हणजे त्या जागेचा धनी, जमिनीचा देव. देव असून इतका खाली कसा, असं वाटून नवखे लोक त्याला शोभेची वस्तू समजतात आणि बॅग, छत्री, ओले बूट नेमके त्याच्यापुढे ठेवतात. तो जागच्या मातीचा देव आहे म्हणून जमिनीवर आहे. त्याच्या आजूबाजूला दोन हात जागा मोकळी सोडा.

बूट आपोआप काढू नका. दक्षिणी पद्धतींचा सराव बहुतेक ठिकाणी पातळ, सपाट तळव्याच्या कापडी बुटांत होतो आणि अनवाणी माणूस वेगळा दिसतो. दाराशी बुटांची रांग असेल तरच काढा. सरावासाठी वेगळा जोड ठेवा. जाड टाचेच्या धावण्याच्या बुटांत घोड्याच्या बैठकीत (पाय फाकवून, गुडघे वाकवून उभं राहण्यात) पाय नीट रोवत नाही, गुडघा आत कलतो आणि महिन्याभरात तो दुखायला लागतो.

समोरच्या मुख्य देव्हाऱ्यात साधारणपणे क्वान कुंग असतात. चीनमधल्या तीन राज्यांच्या काळातले, इसवी सन 220 च्या सुमारास मारले गेलेले हे सेनापती निष्ठेचं दैवत मानले जातात. लाल चेहरा, लांब काळी दाढी आणि हातात लांब दांड्याचं पातं, यावरून ते ओळखू येतात. मुंबईतही त्यांचं एक जुनं देऊळ आहे, माझगावच्या नवाब टँक भागातलं सी यूप कून. सी यूप म्हणजे क्वांगतुंग प्रांतातले चार तालुके. चान हेउंग यांचं किंग मुई हे गाव त्यातल्याच सुनवुईमधलं. क्वान कुंगांच्या शेजारी किंवा खाली शाळेच्या मूळ गुरूंचं नाव लिहिलेली लाल-सोनेरी पाटी असते. मराठी माणसाला हे समजायला तालमीतला मारुती आठवला तरी पुरे, फरक इतकाच की इथे देवाबरोबर गुरूंची पिढीही पूजेत आहे.

आत आल्यावर नमस्काराचा क्रम ठरलेला: आधी देव्हारा, मग सीफू म्हणजे गुरू, मग हजर असलेले वडीलधारे. उजव्या हाताची मूठ, तिच्यावर डावा तळवा, तळव्याची चार बोटं सरळ आणि अंगठा दुमडलेला. हात छातीपुढे वीतभर अंतरावर, कोपर किंचित वाकलेले, खांदे सैल. हात उलटे करू नका. पुरुषाने डाव्या मुठीवर उजवा तळवा ठेवणं ही शोकाची खूण मानली जाते, आणि डावखुऱ्यांकडून हे हमखास होतं. पहिला आठवडाभर घरी आरशासमोर घोटा.

सीफूंच्या पायाला हात लावू नका. वाकून पायाकडे हात गेला की समोरचा माणूस दचकतो आणि मागे सरतो, कारण त्या प्रथेत पायाला स्पर्श ही आदराची रीत नाही. गुडघे टेकून मस्तक झुकवणं आहे, पण ते विशिष्ट विधींपुरतं.

उदबत्ती लावायला सांगितली तर तीन काड्या. ज्योत तोंडाने फुंकू नये हे आपल्याला ठाऊक आहेच, तिथेही हाताने वारा घालून किंवा काड्या झटकन खाली ओढून विझवतात. मात्र काड्या राखेत खोचायला अनेक ठिकाणी डावा हात वापरतात. आपला उजवा हात सवयीने पुढे होतो, म्हणून आधी शेजारच्याकडे बघा.

कोण कोणाचा कोण

मोगून हे कुटुंब आहे असं सगळेच म्हणतात. नवख्याने ते शब्दशः घ्यावं, कारण हाका नात्याच्याच आहेत आणि कामांची वाटणीही नात्यावरूनच ठरते.

गुरू ते सीफू. बाई शिकवत असतील तरी सीफूच. सीफूंच्या पत्नी सीमो, आणि बाई-सीफूंचे यजमान सी-जेउंग. तुमच्याआधी दाखल झालेला पुरुष सीहिंग, बाई सीजे. तुमच्यानंतर आलेला सीदाय, आलेली सीमुई. सीफूंचे थोरले गुरुबंधू सीबाक, धाकटे सीसुक. सीफूंचे गुरू सीगुंग, आणि पद्धतीचे मूळ पुरुष सीजो.

थोरलेपण वयावर नाही, पदावर नाही, कौशल्यावरही नाही. ते फक्त दाखल होण्याच्या तारखेवर आहे. तुम्ही चाळीस वर्षांचे बँक अधिकारी असाल आणि दोन वर्षं आधी आलेला मुलगा कॉलेजात असेल, तरी तो तुमचा सीहिंग. त्याने ठोसे झेलायचा पॅड धरायला सांगितला तर धरायचा. दोघं एकाच दिवशी आले तर वहीत ज्याचं नाव आधी चढलं तो थोरला. त्याच न्यायाने सीबाक म्हणजे वयाने मोठे असतीलच असं नाही, ते सीफूंच्या आधी सीगुंगांकडे आले इतकंच.

सीफूंना नावाने हाक मारत नाहीत. स्वतःच्या गुरूला नुसतं ‘सीफू’, दुसऱ्या शाळेच्या गुरूला आडनाव जोडून, म्हणजे ‘चान सीफू’, ‘लाम सीफू’. दुसऱ्यांच्या गुरूंनाही नुसतं ‘सीफू’ म्हटलंत तर तुमच्या सीफूंसमोर ते खटकतं.

हे नातं दोन्ही बाजूंनी चालतं. सीहिंगने धाकट्याला बैठक शिकवायची, त्याच्या मनगटाला पट्टी बांधून द्यायची, उशीर झाला तर शेवटच्या मेट्रोची आठवण करायची. फक्त हुकूम सोडणारा आणि काही न देणारा सीहिंग त्यांच्यातही चांगला मानत नाहीत.

इथे सर्वांत जास्त घडणारी चूक: एका सीहिंगने हात छातीच्या उंचीवर ठेवायला सांगितला, दुसऱ्याने खांद्याच्या, आणि नवखा सगळ्यांसमोर सीफूंना विचारतो, ‘बरोबर कोण?’ दोघांचीही पंचाईत. त्या घटकेला जो शिकवतोय त्याचं ऐका, आणि वर्ग संपल्यावर सीफूंना एकट्याने विचारा: ‘हात दोन्ही उंचीवर दाखवला जातो, कोणता कधी?’ बहुतेकदा दोन्ही बरोबर असतात, एक नवख्यांसाठी आणि एक पुढच्या टप्प्यासाठी.

पहिले सहा महिने

शिकण्यापेक्षा उपयोगी पडण्याला या काळात जास्त किंमत आहे. वर्गाआधी जमीन झाडणं, फडकं मारणं, थर्मासमध्ये गरम पाणी भरणं, शेवटी पॅड जागेवर ठेवणं. कोणी सांगण्याची वाट पाहू नका. थोरला सीहिंग स्वतः झाडू घेऊन उभा असेल तर मात्र हातातून ओढून घेऊ नका, दुसरा झाडू शोधा. नववर्षाच्या पहिल्या दिवशी झाडायचं नाही, घरातलं भाग्य बाहेर जातं अशी समजूत आहे.

शस्त्रांना न विचारता हात लावायचा नाही. जमिनीवर पडलेली काठी, भाला किंवा ढोल ओलांडून जायचं नाही, वळसा घालून जायचं. विंग चुनच्या शाळेतला तीन हात आणि एक पाय असलेला लाकडी माणूस फार मोह घालतो. त्याच्यावरचा सराव बराच पुढचा आहे. कोन न शिकता त्याला मारलं की फटका हाताच्या बाहेरच्या हाडावर बसतो आणि आठ-दहा दिवस हात दुखत राहतो.

अशा मारावर शाळेत दित-दा-जाऊ चोळतात, म्हणजे औषधी मुळ्या महिनोन्‌महिने दारूत मुरवून केलेलं पातळ औषध. अनेक सीफू हाडवैद्यही असतात, ती जुनी परंपरा आहे. वाँग फेइ-हुंग यांचं पो ची लाम हे औषधांचंच दुकान होतं. चार-पाच थेंब तळहातावर घेऊन, ऊब येईपर्यंत चोळून मग सूज नसलेल्या निळ्या जागेवर लावा. फुटलेल्या कातडीवर नाही, डोळ्यांजवळ नाही, आणि पोटात तर कधीच नाही. काही पाककृतींत बचनागाच्या जातीची मुळं असतात आणि ती विषारी आहेत. बाटलीला दारूचा वास येतो म्हणून कोणी घोट घेऊ नये, यासाठी ती खाण्याच्या वस्तूंपासून लांब ठेवतात. सूज वाढतेय किंवा बोट वाकतच नाही, तर आधी एक्स-रे.

‘पुढचा संच (ठरलेल्या हालचालींची मालिका) कधी?’ हा प्रश्न विचारू नका. काही शाळांत पहिले कित्येक आठवडे फक्त घोड्याची बैठक आणि चालणं असतं. शाळेचा टी-शर्ट मिळाला की तो शाळेच्या कामालाच घाला. तो घालून दुसऱ्या शाळेत जाणं म्हणजे आव्हान द्यायला गेल्यासारखं दिसतं. व्हिडिओ काढण्याआधी दर वेळी विचारा, गेल्या आठवड्याची परवानगी या आठवड्याला चालत नाही.

पाकीट आणि आकडे

फी अनेक ठिकाणी आता बँकेत जाते. रोख द्यायची असेल तर लाल पाकिटात, दोन्ही हातांनी.

आता तो एक रुपया. आपल्याकडे 51, 101, 501 हे शुभ. हाँगकाँगमध्ये विषम रक्कम, आणि विशेषतः शेवटी 1 असलेली, 101 किंवा 501, ही मयताला देण्याची. ती पांढऱ्या पाकिटात जाते. सीफूंच्या वाढदिवसाला मराठी माणसाने प्रेमाने 501 डॉलर दिले, तर पाकीट उघडणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. शुभकार्याला सम आकडा: 200, 500, 800. 4 टाळा, कारण त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाशी जुळतो. 8 सर्वांत आवडता. नोटा कोऱ्या हव्यात. घेणारा पाकीट तुमच्यासमोर उघडणार नाही, तुम्हीही उघडू नका.

नववर्षाला लाल पाकीट, म्हणजे लाय-सी, वरून खाली येतं. लग्न झालेले लोक अविवाहितांना देतात, सीफू शिष्यांना देतात. तुमचं लग्न झालं असेल तर शाळेतल्या अविवाहित धाकट्यांसाठी आणि मुलांसाठी 20 डॉलरची एकेक नोट घालून दहा-पंधरा पाकिटं खिशात ठेवा. एखादा लहानगा समोर ‘कुंग हेई फात चॉय’ म्हणत उभा राहतो आणि खिसा रिकामा असतो, हे टाळता येण्यासारखं आहे.

भेटवस्तूत घड्याळ नको, तो अंत्यविधीचा अपशकुन मानतात. संत्री, चहा, बिस्किटांचा डबा चालतो. भारतातून आणलेला चांगला दार्जिलिंग चहा सीमोंच्या हातात दिलात तर तो नक्की वापरला जातो.

गोल टेबलाभोवती

शाळेचं खरं आयुष्य जेवणाच्या टेबलावर आहे. आठवड्याच्या वर्गानंतरचा यम चा, म्हणजे चहा-खाणं, असो की सीफूंच्या वाढदिवसाची मेजवानी, दाराकडे तोंड असलेली खुर्ची सीफूंची. ते बसल्यावर थोरले बसतात आणि नवखा दाराशी, जिथून ताटं येतात. ही जागा अपमानाची नाही, कामाची आहे: वेटरकडून गरम पाणी मागणं, किटली भरून घेणं.

चहा सर्वांना ओतून मग स्वतःला. सुरुवात सीफूंपासून. कप साधारण पाऊण भरा, काठोकाठ नको. कपाला कान नसतो, काठोकाठ भरला की बोटं भाजतात. किटलीची तोटी कोणाकडे रोखून ठेवू नका. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवा, वेटर समजतो. कोणी तुम्हाला ओतलं तर तर्जनी आणि मधलं बोट टेबलावर दोन-तीनदा टेकवा, हेच आभार. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका, ते मृताच्या नैवेद्याचं रूप आहे.

शाकाहारी असाल तर आधल्या दिवशी खजिनदार सीहिंगला सांगा, टेबलावर बसल्यावर नाही. त्यांना हे नवीन नाही, चांद्रमासाच्या 1 आणि 15 तारखेला मांस न खाणारी घरं पुष्कळ आहेत. ‘सिक जाय’ इतकं म्हटलं की पुरतं. पण सॉस आणि सूप यांत शिंपले, सुकी कोळंबी किंवा कोंबडीचं पाणी असू शकतं, ते वेगळं विचारा. दारू घेत नसाल तर चहाचा कप उचला. चहाने शुभेच्छा देणं पूर्ण मान्य आहे आणि त्यावर कोणी आग्रह करत नाही. कप उचलताना तुमच्या कपाचा काठ थोरल्याच्या कपाच्या काठापेक्षा खाली.

मोठ्या मेजवानीत एका टेबलाला साधारण बारा माणसं. माणशी वर्गणी आधीच द्या. सीफूंनी बिल भरायचं नसतं, आणि नवख्याने एकट्याने बिल भरून मोठेपणा करायचा नसतो.

सिंह

सिंहनृत्य असलेल्या शाळेत नवख्याची पहिली भूमिका झांजा. सोपं वाटतं आणि तिथेच घोळ होतो. दोन्ही झांजा अगदी सपाट एकमेकींवर मारल्या की मधली हवा कोंडते आणि ‘चप्प’ असा मेला आवाज येतो. एक झांज बोटभर वर किंवा खाली सरकवून, कड आधी लागेल अशी मारा. डोळे ढोलवाल्याच्या हातांवर. ढोलवाल्याचे डोळे मात्र सिंहाच्या डोक्यावर खिळलेले असतात.

दुसरी भूमिका शेपूट. आत काहीच दिसत नाही, फक्त पुढच्याचा कमरपट्टा आणि त्याच्या टाचा. पाठ वाकवायची नाही, कमरेच्या सांध्यातून पुढे झुकायचं आणि गुडघे मोकळे ठेवायचे. पाठीतून वाकणारा माणूस पाचव्या मिनिटाला कण्हतो. म्हणूनच बदली आधीच ठरवून ठेवतात, आणि ती कापडाखालीच, ढोल न थांबवता होते. डोकं शेवटी मिळतं. हल्लीची डोकी साधारण 2 ते 3 किलोंची, जुन्या बांबू-कागदी बांधणीची त्याहून जड. वजनापेक्षा त्रास होतो तो हात सतत खांद्याच्या वर राहण्याचा. काही जुन्या शाळांत स्त्रियांनी ढोलाला आणि सिंहाला हात लावू नये असा दंडक होता. आता बऱ्याच शाळांत मुली ढोल वाजवतात आणि डोकंही घेतात. तुमच्या शाळेत काय, ते दाखल होण्याआधीच विचारा.

नवा सिंह डोळे उघडल्याशिवाय नाचत नाही. तोवर त्याचे डोळे लाल कागदाने झाकलेले असतात. वाटीत हिंगुळाची पूड आणि थोडी तांदळाची दारू कालवून नव्या कुंचल्याने पाहुणे डोळे, कान, नाक, जीभ, शिंग आणि शेपूट यांना ठिपके लावतात, मग शिंगाला लाल फीत बांधतात आणि ढोल हळूहळू वाढत जातो. हिंगुळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. कालवताना पूड उडू देऊ नका, वाटी जेवणाची नको आणि नंतर हात साबणाने धुवा.

चॉय चेंग, म्हणजे दारावर टांगलेली हिरवी कोशिंबिरीची भाजी सिंहाने खाणं, हा कार्यक्रमाचा गाभा. तयारी नवख्याकडे येते. लेट्यूसचा घट्ट गड्डा घ्या, बाहेरची पानं हाताने सैल करा, लाल दोऱ्याने ओढताच सुटणारी गाठ मारा. लाल पाकीट पानांत नुसतं खोचू नका, वेगळ्या दोऱ्याने बांधा, नाहीतर पानांच्या चिंध्यांबरोबर तेही उडतं. गाठ पक्की बसली तर सिंह दारात लोंबकळत राहतो आणि दुकानमालकाचा चेहरा पडतो. सिंह जवळ जातो, बिचकतो, मागे येतो, पुन्हा जातो, अखेर खातो आणि पानं उधळतो. अंगावर पान पडलं तर झटकू नका, ते शुभ. शेवटी तीनदा वाकून नमस्कार.

रस्त्यात दुसऱ्या शाळेचा सिंह भेटला तर डोकं खाली, ढोल संथ, आणि प्रमुखांनी एकमेकांना कार्ड द्यायचं. डोकं उंच करणं किंवा गुडघा वर उचलणं म्हणजे आव्हान. जुन्या काळी यावरून खरोखर हाणामाऱ्या होत.

ढोलाच्या सरावाला हाँगकाँगमध्ये वेळेचं भान लागतं. रात्री 11 ते सकाळी 7 या वेळेतल्या गोंगाटावर कायद्याने बंधन आहे आणि वरच्या मजल्यावरचा ढोल खालच्या चार घरांत ऐकू जातो. सरावात ढोलावर जाड टॉवेल टाका, ताल शिकायला आवाज लागत नाही. फटाके तिथे 1967 पासून बंदच आहेत.

वर्षभरातले दिवस

नववर्षाचे पहिले पंधरा दिवस सिंहाचे. 4 किंवा 5 एप्रिलला चिंग मिंग: शाळा मिळून गुरूंच्या समाधीवर जाते, गवत काढते, फळं, कोंबडी, भाजलेलं डुक्कर ठेवते आणि पिढीच्या क्रमाने तीन-तीनदा वाकते. हातमोजे, पाण्याची बाटली आणि डासांचं मलम न्या. डोंगर-उतारावरच्या दफनभूमीत जिने फार असतात. सहाव्या चांद्रमासाच्या 24 तारखेला क्वान कुंगांचा जन्मदिवस, देव्हाऱ्यापुढे तीन कप चहा, तीन कप दारू, आणि अख्खं भाजलेलं डुक्कर सीफू स्वतः कापतात. आठव्याच्या 15 तारखेला मूनकेक. नवव्याच्या 9 तारखेला पुन्हा समाधी. डिसेंबरच्या 21-22 ला हिवाळ्याचं जेवण.

कोणी वारलं तर गडद, साधे कपडे आणि पांढरं पाकीट. तुमचं 101 इथे बरोबर. परत निघताना घरचे छोटी पुडी देतात, तिच्यात गोळी आणि नाणं असतं. गोळी खा आणि नाणं त्याच दिवशी खर्च करा, घरी नेऊ नका.

बाइ-सी

रोज शिकणारा प्रत्येक जण शिष्य नसतो. बाइ-सी हा शिष्यत्वाचा विधी काही वर्षांनी, सीफूंच्या मनात आलं तर. स्वतःहून मागू नये. थोरला सीहिंग एके दिवशी सहज विचारतो, तो इशारा समजावा. नाही म्हणण्याचा हक्क आहे. नाही म्हटलं तरी वर्ग चालू राहतो, आणि राहत नसेल तर ती शाळा तशीच होती.

तारीख पंचांगावरून, म्हणजे तुंग शिंग पाहून निघते. तुमची तयारी तीन गोष्टींची. लाल कागदावरचा अर्ज, त्यात नाव, मूळ गाव, जन्मतारीख, शिफारस करणाऱ्याचं नाव आणि नियम पाळण्याचं वचन. चिनी अक्षरं येत नसतील तर सीहिंगकडून मसुदा लिहून घ्या, सही मात्र स्वतःची, आणि ती देवनागरीत केली तरी चालते का ते आधी विचारा. दुसरी गोष्ट लाल पाकीट, सम आकड्याचं. तिसरी, झाकणाचे दोन कप आणि चहा.

त्या दिवशी आधी देव्हाऱ्यापुढे तीन काड्या आणि मूळ गुरूंना तीनदा मस्तक. मग साक्षीदारांसमोर, जे बहुधा इतर शाळांचे सीफू असतात, अर्ज मोठ्याने वाचला जातो. सीफू आणि सीमो खुर्चीत बसतात, तुम्ही गादीवर गुडघे टेकता. दोन्ही हातांत बशीसह कप, नजर खाली, ‘सीफू, यम चा’, म्हणजे चहा घ्या. ते घोट घेतात, दोन शब्द सांगतात, कप परत देतात. मग सीमो. काही शाळांत नंतर थोरल्या गुरुबंधूंनाही.

इथे बिघडतं ते फार साधं. चहा उकळता ओतला जातो आणि थरथरत्या हातांतून मांडीवर सांडतो, म्हणून तो पाच मिनिटं आधी ओतून ठेवा. गुडघ्यांवर बसण्याची सवय नसेल तर दहा मिनिटांत पाय बधिर होतात आणि उठताना तोल जातो, आठवडाभर आधीपासून रोज पाच मिनिटं बसा. आणि फोटो काढणारा मित्र देव्हारा आणि सीफू यांच्या मधून फिरतो, त्याला जागा आखून द्या.

विधीनंतर तुमचं नाव वहीत चढतं. दुसऱ्या गुरूकडे शिकायचं असेल तर आता सीफूंना विचारूनच. शहर सोडून पुण्याला किंवा आणखी कुठे परतायचं ठरलं तर महिनाभर आधी, समोर बसून सांगा, मेसेज टाकून गायब होऊ नका. जाण्याआधी एक चहा तुमच्याकडून. तिकडे जाऊन चार जणांना शिकवायचा विचार असेल तर परवानगी लेखी घ्या आणि नेमकं विचारा: काय शिकवू शकतो, कोणत्या नावाने, भिंतीवर कोणाचा फोटो लावू, आणि माझ्याकडे येणारे सीफूंना सीगुंग म्हणतील का.